बंद बुडाची बंदूक

आर्नीची बंदूक आठ वर्षं कोटांच्या कपाटात, अगदी मागच्या कोपऱ्यात उभी होती आणि तेवढी वर्षं मी त्या कपाटातले फक्त पुढचेच कोट घालत होते. लोकांना वाटायचं, मार्लिसला कपड्यांची हौस नाही. वाटू दे.

आमच्याकडे, वरच्या मिशिगनात, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे सण. शाळा बंद, निम्मी दुकानं बंद, गावात उरतात त्या बायका आणि पाद्री. त्या सणाच्याच संध्याकाळी माझा नवरा जंगलातल्या रस्त्याच्या कडेला ट्रकपाशी बंदूक रिकामी करत होता. भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही असा कायदा आहे आणि आर्नी कायदा पाळणारा. गोळी सुटली. नळीचं तोंड त्याच्या जबड्याखाली होतं. मागून त्याचा मोठा भाऊ वॉल्ट आला, त्याला तो सापडला.

शेरीफचा माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून मी केलेला वेलदोड्याचा पाव खात होता. म्हणाला, "बाई, बंदूक रिकामी करताना कुणी नळी गळ्याशी धरतं का हो?" मग घास गिळून, "हल्ली उदास वगैरे होता का तो?"

मी नाही म्हटलं. त्याने 'अपघात' लिहिलं आणि गेला. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्याच वर्षी कागद गिरणीने आर्नीला घरी बसवलं होतं. आधीच घुमा, तो आणखी घुमा झाला होता. आणि त्या सकाळी त्याने, कधी नव्हे ते, स्वतःचा कप विसळून पालथा घातला होता. नवऱ्याने एकदा भांडं विसळलं तर बायका देवाचे आभार मानतात. मी मात्र त्या कपाचा विचार करत झोप घालवली.

सौनात, आमच्या अंगणातल्या वाफेच्या खोलीत, एकटी बसले की वाफेत तो समोरच्या बाकावर दिसायचा, शिकारीचं केशरी जाकीट घालून. मी विचारायची, आर्नी, तू मुद्दाम गेलास का रे आम्हाला टाकून? जिवंतपणी तरी कुठे उत्तर द्यायचा म्हणा. पण मी विचारायचं काही सोडलं नाही. मला तेवढं एकच हवं होतं.

या उन्हाळ्यात आमची मुलगी कायसा कॉलेजातून आली आणि मांस-बटाट्याच्या पेस्टीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "आई, यंदा मी बाबांची बंदूक नेणार."

"दुकानातल्या संपल्या का?"

"मला तीच हवीय. वॉल्टकाका म्हणाला, तिचं बूड कापून मॅगझिन बसवून देतो."

"तुझ्या वॉल्टकाकाने बसवलेलं न्हाणीघराचं दार अजून लागत नाही."

"दाराचं मला सांगू नकोस. बंदूक रिकामी आहे हे मला डोळ्यांनी दिसायला हवं." हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे पाल माझ्या एकटीच्या मनात नव्हती तर. मी उठून कपाट उघडलं.

ती बंदूक कारखान्यातून आली तेव्हापासून बंद बुडाची. काडतुसं वरून भरायची आणि वरूनच काढायची, दर वेळी बोल्टचा दांडा मागेपुढे करून एकेक. खाली दस्त्याचं सलग लाकूड, त्यामुळे आत नुसता काळोख. मॅगझिन बसवलं की खालचा खटका दाबायचा, काडतुसांची डबी सगळीच्या सगळी हातात येते.

वॉल्ट आमच्याच शेडमध्ये काम करायला लागला. पहिल्याच दिवशी आतून बोल्टचा आवाज आला, खट-खटाक, आणि चुलीपाशी झोपलेलं आर्नीचं म्हातारं कुत्रं उठून दारापाशी जाऊन बसलं. शेपटी हलवत होतं मेलं. मी त्याला हाडूत केलं आणि मग स्वतःच दाराकडे बघत खुर्चीवर बसले.

थोड्या वेळाने हाक आली. "मार्लिस, जरा ये. हे बघ."

वॉल्टचा चेहरा पांढरा पडला होता. "कापण्याआधी म्हटलं एकदा चालवून बघू. ही खोटी काडतुसं आहेत, दारू नाही यांत. चार भरतो." त्याने भरली. बोल्ट मागेपुढे केला, एक बाहेर पडलं, दुसरं, तिसरं. चौथ्या वेळी काहीच आलं नाही. "आत बघ. काय दिसतं?"

"काळोख."

"म्हणजे?"

"म्हणजे चौथं तू भरलंच नसशील. रिकामी आहे."

त्याने दस्त्यावर तळव्याने एक थाप मारली. आत टक् झालं आणि चौथं काडतूस वर आलं.

"लाकूड ओल पिऊन आत फुगलंय," वॉल्ट म्हणाला. "काडतुसं ठेवायच्या पत्र्याच्या पेटीला चेपतंय. शेवटचं काडतूस खाली अडकून बसतं. धक्का बसला की वर येतं आणि बोल्ट लावला की थेट नळीत. मग माणूस रिकामी समजून चाप ओढतो."

"रिकामी समजून चाप कशाला ओढायचा?"

"स्प्रिंग सैल करायला. ताणलेली ठेवली तर लुळी पडते, असं आमचा बाप म्हणायचा. आम्ही सगळेच ओढतो." बोलता बोलता तो ढसाढसा रडायला लागला. एवढा थोराड माणूस, नाक बाहीला पुसत होता. "निष्काळजी नव्हता गं तो. बघितलं होतं त्याने."

मलाही रडू फुटायला हवं होतं. पण माझं तोंड म्हणालं, "आणि नळी? नळी तिथे का होती, वॉल्ट?"

"ते मला नाही माहीत. ट्रकपाशी तो नेहमी माझ्या आधी पोचायचा." त्याने पटाशी उचलली, परत ठेवली. "कापू का सांग. हे लाकूड गेलं की मग कुणाला काही दाखवता येणार नाही."

माझ्या हाती अर्धंच उत्तर आलं होतं आणि तेसुद्धा आता भुशात जाणार होतं. वाटलं, ओरडून सांगावं की हात लावू नकोस. पण पोरगी याच बंदुकीने शिकारीला जाणार होती.

"काप," मी म्हटलं.

पुढचे काही आठवडे ती दोघं शेडमध्येच. कायसा मॅगझिनच्या लोखंडी चौकटीला काजळी लावून लाकडावर टेकवायची आणि जिथे काळं उमटेल तेवढंच वॉल्ट पटाशीने खरवडायचा. परत काजळी, परत खरवडणं. शेवटी जवसाचं तेल चोळलं. मी कॉफी नेऊन द्यायची आणि दारातूनच परत फिरायची.

चौकट चपखल बसली त्या दिवशी कायसाने मला हाताला धरून आत नेलं. तिने खोटी काडतुसं भरलेलं मॅगझिन लावलं, खटका दाबला, डबी तिच्या तळहातावर पडली. बोल्ट उघडून बंदूक माझ्यापुढे धरली. "बघ आई, आरपार." खरंच, वरून बघितलं तर खालची शेडची फरशी दिसत होती. वॉल्ट हसला. मीही हसले असेन.

तिने बोल्ट लावला. मग, दाराला कडी घालावी इतक्या सवयीने, तिने दस्ता खाली आणून पायातल्या आर्नीच्या जुन्या डाव्या बुटाच्या चवड्यावर टेकवला, चापाकडे हात नेण्यासाठी वाकली आणि वाकताना तिचा जबडा नळीच्या तोंडावर आला. क्लिक.

"हे... हे असं कुणी शिकवलं तुला?"

"काय? असं उभं राहायला? बाबांनी." ती अजून वाकलेलीच होती. "दस्ता बर्फात टेकवायचा नाही, ओल धरतो. बुटावर टेकवायचा. बाबा नेहमी असंच करायचे."

आर्नी मला टाकून गेला नव्हता. आठ वर्षं मी त्याला जे विचारत होते त्याचं उत्तर माझ्यासमोर उभं होतं, त्याच्याच बुटांत, त्याच्याच मुलीच्या अंगात. मी झडप घालून नळी धरली आणि बाजूला ढकलली, इतक्या जोरात की कायसा टेबलावर आपटली.

"अगं आई! रिकामी आहे ती!"

"बाबांची पण रिकामीच होती," मी म्हटलं, आणि नळी काही माझ्या हातून सुटेना.