गळ्याच्या मापाची चाल

ऑपरेटरने मोबाइल कानापासून बाजूला केला आणि म्हणाला, "चाल झकास आहे. पण ही तुझी नाही."

त्याने आपला मोबाइल परत घेतला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायच्या आणि घरी आल्यावर कीबोर्डवर चाली बांधायच्या, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. चाली यायच्या आणि विरून जायच्या. ही एकच टिकली होती.

ऑपरेटर त्याचा जुना दोस्त. तो ज्या थिएटरात सिनेमे दाखवायचा ते बंद पडलं तेव्हा तिथला प्रोजेक्टर त्याने उचलून घरी आणला होता. अधूनमधून रविवारी दुपारी तो आपल्या गॅरेजमध्ये दीपगृहावर चाल करून येणाऱ्या ऑक्टोपसचा सिनेमा लावायचा. सिनेमा कधीच आपटलेला, पण जमणाऱ्या मोजक्या वेड्यांना तो तोंडपाठ होता. रबरी ऑक्टोपसच्या पोटाची चेन दिसली की टाळ्या पडायच्या.

"दीपगृहातला म्हातारा दिव्याची काच पुसतो ना, तेव्हा मागे वाजते," ऑपरेटर म्हणाला. "हसण्याच्या गडबडीत लक्ष जात नाही कुणाचं. तुझ्या कानात राहिली असणार."

त्याने तो प्रसंग मनाशी आठवून पाहिला. सूर न् सूर जागेवर बसला.

बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आधी ती कामं करताकरता सतत गायची. नंतर आवाज आला तो खरखरीत, वर न जाणारा. तिने गाणंच सोडलं. मग एका संध्याकाळी त्याला ही चाल सुचली होती, पाच सुरांतच फिरणारी. ती भीतभीत गायली, आणि आवाज कुठेही फाटला नाही. तेव्हापासून कामं करताना ती हीच गुणगुणायची. शेजारणीला ती कौतुकाने सांगायची, "ह्यांनी माझ्या गळ्याच्या मापाची शिवलीय."

तिला सांगायची त्याची छाती होईना. त्यापेक्षा पाच सुरांतली दुसरी बांधावी म्हणून तो बसला, तर जे सुचेल ते कपडे बदलून आलेली तीच चाल.

आणि नेमकं आताच तिच्या मनात आलं, की एकदा तुमचा तो सिनेमा पाहू या. इतकी वर्षं तोच तिला चल चल म्हणत होता. आता त्याने गॅरेजमधली धूळ सांगितली, मोडक्या खुर्च्या सांगितल्या. तिने गळ्याला रुमाल गुंडाळला आणि चपला घातल्या.

ऑक्टोपस आला तशी ती पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसत होती. त्याला मात्र पुढचा प्रसंग ठाऊक होता. वीज जावी, फिल्म तुटावी, काहीही व्हावं, असं त्याला वाटत राहिलं. काही झालं नाही. म्हाताऱ्याने फडकं उचललं.

पहिल्या दोन सुरांना ती नकळत गुणगुणली. मग थांबली.

परतताना कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी आल्यावर ती म्हणाली, "तुमची चाल उचलली त्यांनी. विचारलं तरी का तुम्हाला?"

नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो शब्द त्याच्या ओठांवर आलाही होता. पण ती त्याच्याकडे इतक्या रागाने, इतक्या आपलेपणाने पाहत होती, की त्याला खोटं बोलवेना.

"अगं, सिनेमा आपल्या लग्नाच्या आधीचा आहे," तो म्हणाला. "मला कळलंच नव्हतं. शप्पथ."

तिने रुमालाची गाठ सैल केली, पुन्हा बांधली.

"असू दे," ती म्हणाली. "चांगली होती."

घरी आल्यावर तो सवयीने कीबोर्डपाशी बसला. बोटं पट्ट्यांवर होती, पण त्या दाबवत नव्हत्या. आतल्या खोलीत ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. कापड झटकल्याचा आवाज यायचा, मग थोडं थांबून पुन्हा. एवढाच.