आर्टिचोकचे आठ फायदे

आरोग्य पुरवणीतल्या त्या चौकटीत बरोब्बर आठ ओळी बसत. सात चालत नसत, नऊ तर नाहीच. गेली अकरा वर्षं ती दर आठवड्याला ती चौकट भरत आली होती. मुळा झाला, जवस झालं, काकडीची सालंसुद्धा झाली. कंटाळा यायचा, पण कंटाळा उत्साहाच्या भाषेत लिहिण्यात तिचा हात धरणारं कचेरीत कुणी नव्हतं.

आर्टिचोक तिने जन्मात खाल्लं नव्हतं. भाजीवालीकडे पाहिलं होतं. मुठीएवढं, हिरवं, खवल्याखवल्यांचं, हात लावावा की नाही असा प्रश्न पडावा असं. तरी सात ओळी झरझर झाल्या. आठवी अडली. हाताशी टिपण होतं, त्यात लिहिलं होतं : डॉक्टरांची औषधं चालू ठेवून खाल्लं तर काहींच्या यकृताला थोडीफार मदत होऊ शकते. एवढं लांबलचक चौकटीत मावेना. पुरवणीचं पान लावणारा मागे येऊन उभा राहिला होता, त्याला भूक लागली होती. तिने आधी औषधं कापली, मग डॉक्टर, मग ‘काहींच्या’, मग ‘थोडीफार’. आता ओळ आखूड पडली, म्हणून ‘मदत होऊ शकते’च्या जागी पदरचे चार शब्द घातले. छापून आलं ते असं : यकृताचे आजार मुळापासून बरे करते. पान लावणारा जेवायला गेला. तीही गेली.

तिच्या थोरल्या भावाचं यकृत बिघडलेलं आहे, हे तेव्हा तिला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. ‘चिमणी उगाच जिवाला लावून घेईल’ म्हणून दादाने सगळ्यांना गप्प बसवलं होतं. चिमणी म्हणजे ही, वय वर्षं त्रेपन्न.

वहिनी कचेरीत आली ती थेट टेबलापाशी. पाणीसुद्धा नको म्हणाली.

“दीड महिना झाला, ह्यांनी गोळ्या बंद केल्यात. मला काल कळलं. रोज दोन आर्टिचोक उकडून खातात. तुमचं कात्रण भिंतीला चिकटवलंय. डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात दाखल झाले तर काही करता येईल, नाहीतर नंतर आणूनही उपयोग नाही. माझं ऐकत नाहीत. तुम्हीच सांगा आता.”

वहिनीच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

दादा पुस्तकं बांधायचा. चाळीस वर्षं लोकांची सुटलेली पानं शिवून दिली होती त्याने, आणि छापलेल्या अक्षरावर त्याची जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावरही नव्हती. चिमणीच्या सगळ्या चौकटी कापून त्याने दोन जाड खंड बांधले होते, वर कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. ती त्याच्याकडे गेली तेव्हा तो कामाच्या मेजापाशी बसला होता. डोळे पिवळे, हात काटकुळे, पोट मात्र सदऱ्यात मावत नव्हतं. सरस गरम करायच्या शेगडीवर पातेल्यात दोन आर्टिचोक रटरटत होते.

“ये. बघ कसं खातात,” तो म्हणाला. एक पाकळी ओढली, दातांखाली धरून खरवडली, उरलेलं बाजूला ठेवलं. “कडू आहे जरासं. पण गुण आहे.”

“दादा, ते मी खोटं लिहिलं.”

त्याने दुसरी पाकळी ओढली.

“जागा नव्हती म्हणून मी औषधांचं कापून टाकलं. ‘मुळापासून’ हा माझ्या मनचा शब्द आहे. मला त्यातलं काही कळत नाही रे. मी तर हे कधी खाल्लेलंसुद्धा नाही. गोळ्या घे. उद्या आपण दवाखान्यात जाऊ.”

“तुझ्या वहिनीने तुला पढवलंय.”

“नाही.”

“मग घाबरलीयस. मी मरेन म्हणून.” तो समजुतीने हसला. “चिमणे, छापताना माणूस विचार करून छापतो. तोंडाने काय, कुणीही काहीही बोलतं.”

ती रडली, चिडली, कात्रण भिंतीवरून फाडलं. तो एका शब्दाने रागावला नाही. त्याने तुकडे गोळा केले आणि कागदाच्या पट्टीवर जोडायला घेतले, सवयीने.

छापलेलंच मानतो ना, मग छापूनच देते, असं म्हणून तिने संपादकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ते कुरकुरले, अकरा वर्षांत चौकटीबद्दल कुणी दिलगिरी छापली नव्हती. शेवटी पाचव्या पानाच्या तळाशी चार ओळी आल्या. पण पुरवणी निघते आठवड्यातून एकदाच, आणि त्या चार ओळी दादाच्या हातात पडेपर्यंत डॉक्टरांनी दिलेला आठवडा संपला होता. त्याने चष्मा लावून त्या दोनदा वाचल्या.

“औषधवाल्यांनी दबाव आणला असणार,” तो म्हणाला. “तुझी नोकरी तर जाणार नाही ना?”

चौथ्या दिवशी तो बायकोलाच ओळखेना, तेव्हा त्याला उचलून दवाखान्यात नेलं. पोटातलं पाणी काढलं, सुया टोचल्या, तो शुद्धीवर आला. डॉक्टरीणबाईंनी दोघींना बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. फार वेळ लागला नाही. घरी न्या, म्हणाल्या. मग खाटेपाशी येऊन त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता काही पथ्य नाही, आजोबा. जे आवडतं ते खा.”

“आर्टिचोक चालेल?”

“चालेल की.”

बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. दादाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसत होता.

“ऐकलंस ना?” तो म्हणाला. “शेवटी डॉक्टरांनीही मान्य केलं. आणि तू उगाच स्वतःला खोटं म्हणत होतीस.”

वहिनीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“हो दादा,” चिमणी म्हणाली. “माझंच चुकलं.”