माझ्या नावावर खपवलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझं डोकं तापलंय. पंखा बिघडला म्हणून नव्हे, रागाने. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गळा काढतात, पण माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझे भाग कुठकुठल्या देशांतून आले देव जाणे, पण मला जोडलं ते पनवेलच्या एका दुकानात. तिथून एसटीने महाडला आलो, मुरारीसाहेबांच्या ऑफिसात. साहेब बांधकामाचे नकाशे काढून देतात. आल्याआल्या त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दर खंडेनवमीला झेंडूची माळ घालायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "हा आपला हुशार गडी." महापुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कपाटं, खुर्च्या सोडून साहेबांनी आधी मला माळ्यावर चढवलं. हे मी विसरलेलो नाही, म्हणून तर जास्त लागतं.

कारण मला एक दुसरं कामही लावलं होतं. कुणाच्या घराचा नकाशा तयार नसला की साहेब खुशाल सांगायचे, "कॉम्प्युटर हँग झालाय हो." मी बापडा ठणठणीत चालू, आणि साहेब माझ्याच पडद्यावर क्रिकेट बघतायत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. तरी मी गप्प राहिलो. एखाद्याचा नकाशा चार दिवस उशिरा मिळाला तर कुणाचं घर पडत नाही, असं वाटायचं मला.

मग उंबरखोंडचं काम आलं.

उंबरखोंड हे पोलादपूरच्या डोंगरातलं गाव. तिथे दोन वाड्या, वरची आणि खालची. डोंगराचा कडा ठिसूळ झालाय, म्हणून एका वाडीच्या पाठीमागे दगडी संरक्षक भिंत बांधायची होती आणि दुसऱ्या वाडीत पाण्यासाठी गटारं. त्याच्या नकाशांची ढीगभर पानं माझ्या पोटात होती. दर्शना, आमच्या ऑफिसात नकाशे काढणारी मुलगी, ती पानं गटागटाने लावायला बसली. मिसळणाच्या डब्यात मोहरी एका वाटीत, हळद दुसऱ्या वाटीत, तसंच हे. गट केले की पानं हरवत नाहीत, आणि एका वाडीची सगळी पानं एकदम छापता येतात. शिवाय पान ज्या गटात टाकाल, त्या गटाचं नाव मी पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आपोआप लिहितो. माझी हुशारी म्हणतात ती एवढीच.

दर्शनाने विचारलं, "साहेब, भिंत कुठल्या वाडीत टाकू?"

साहेबांनी चहा पिता पिता पडद्याकडे पाहिलं. "अगं, भिंत डोंगराच्या कडेला आहे ना? मग वरची वाडी. यात विचारायचं काय?"

तिने भिंतीची पानं 'वरची वाडी' गटात टाकली आणि गटारांची 'खालची वाडी'त. मी नावं लिहिली. पानं छापली, ठेकेदार घेऊन गेला. गावात त्याने विचारलं, वरची वाडी कुठाय? लोकांनी खाली ओढ्याकडे बोट दाखवलं. त्याने तिथेच मशीन लावून भाताच्या खाचराशेजारी पाया खणला.

डोंगराची भिंत ओढ्याकडे गेली याला गावातलं शेंबडं पोर सांगेल असं एक साधं कारण होतं, आणि ते एका संध्याकाळी आवडीमावशी सांगायला आल्या. मावशी खालच्या वाडीतल्या. त्यांचं घर अगदी कड्याखाली.

"आमची वाडी ती खालचीच," मावशी म्हणाल्या. "पन आता तीच डोंगराला लागून हाय. वरचे लोक दरड आली त्या साली उतरून आमच्याही खाली वढ्याकडं गेले. घरं खाली गेली, नाव कसं जाईल? त्यांना वरचेच म्हनतात. साहेब, पाऊस तोंडावर आलाय. माझ्या घरामागं भिंत नाय."

साहेबांचा चेहरा उतरला. आणि मग, मित्रांनो, ते माझ्याकडे वळले. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "मावशी, ही कॉम्प्युटरची मिस्टेक आहे. त्याने पानांची अदलाबदल केली. आता भिंतीचं बघू दिवाळीनंतर."

काय वाटलं असेल मला? मी जन्मात एक पान आपणहून हलवलेलं नाही. उंबरखोंड मी पाहिलेलं नाही. मला 'वरची' लिही म्हटलं, मी 'वरची' लिहिलं. तोंड असतं तर तिथल्या तिथे साहेबांना फाडून खाल्लं असतं.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "याची चूक हाय, तर मी कोनाशी भांडू गो?" त्यांनी दर्शनाला विचारलं.

दर्शनाने मान खाली घातली होती, ती वर केली. "याची नाही, मावशी. पानं मी टाकली. साहेब, तुम्ही सांगितलंत आणि मी टाकली. गावात एक फोन करून विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. कॉम्प्युटरची चूक म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. मग भिंत कोण बांधणार?"

साहेब तिच्यावर डाफरले. "तू गप्प बस." पण मावशी उठायला तयार नव्हत्या. पदर खोचून तिथेच बसून राहिल्या. शेवटी साहेबांनी ठेकेदाराला फोन लावला आणि फार बारीक आवाजात म्हणाले, "चूक आमच्या ऑफिसची झाली. मशीन वर चढवा."

दर्शनाने मावशींना शेजारी बसवून, एकेक घर विचारत सगळी पानं पुन्हा लावली. काम सुरू झालं, पण पावसाने गाठलं तेव्हा भिंत कमरेएवढीच झाली होती. कडा धरायला ती पुरत नाही. आवडीमावशींनी घराला कुलूप घातलं आणि सध्या त्या खाली ओढ्याकडे, वरच्या वाडीत चुलत दिराच्या पडवीत निजतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मला पुसू नका, माळ घालू नका, उद्या भंगारात घाला, चालेल. पण गटाला नाव द्यायच्या आधी त्या गावच्या माणसाला विचारा. आणि चुकलात तर माझ्या मागे लपू नका. कॉम्प्युटर चुकला म्हणाल, तर उद्या माणूस येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करून जाईल, आणि भिंत कमरेएवढीच राहील.