कार्डावर कुत्र्याचं नाव

कार्ड मंगळवारी आलं आणि लव्हॉनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोटोत तिचा मुलगा डॅरेल, त्याची दुसरी बायको केंड्रा, त्यांची दोन वर्षांची जुळी आणि पिकल नावाचा कुत्रा. सगळे लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या पायजम्यांत. कुत्रासुद्धा! खाली सोनेरी अक्षरांत, 'नाताळच्या शुभेच्छा! डॅरेल, केंड्रा, बून, बेका आणि पिकल.'

आणि मार्नी? मार्नी म्हणजे डॅरेलच्या पहिल्या लग्नाची मुलगी, अकरा वर्षांची. तिची आई ॲरिझोनाला निघून गेली त्याला पाच वर्षं झाली. पोर बापाच्याच घरात राहते, शाळा सुटल्यावर तेवढी आजीकडे येते. ती फोटोत नव्हती आणि नावांतही नव्हती.

"मेल्या कुत्र्याला जागा आहे!" लव्हॉन रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडली.

तिचा राग उगाच नव्हता. त्यांच्या गावात नाताळची कार्डं आली की फ्रीजवर लागतात आणि नवं वर्ष उजाडेपर्यंत तिथेच राहतात. चर्चमधल्या बायका कुणाकडे गेल्या की कॉफी पुढ्यात यायच्या आधी फ्रीज वाचून काढतात. कुणाचं पोर वाढलं, कुणाचा नवरा यंदा फोटोतून गायब झाला, सगळं तिथे कळतं. केंड्रा शंभरेक घरांना कार्डं पाठवायची आणि उरलेल्यांना तोच फोटो फोनवर. म्हणजे आता गावभरच्या फ्रीजवर लागणार की मार्नी त्या घरातली नाही. मार्नी मैत्रिणींकडे जाणार, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरणार आणि तिला ते दिसणार.

डॅरेल काम करायचा त्या टायरच्या दुकानात लव्हॉनने फोन लावला.

"डॅरेल, कार्ड आलंय."

"आलं का? छान आलंय ना गं?"

"तुझी थोरली कुठे आहे त्यात?"

"आई, आता तू सुरू करू नकोस. ती होती की त्या दिवशी. तिनेच तर काढला फोटो."

"काय म्हणालास?"

"अगं, पायजम्यांचा संच चौघांचाच येतो, कुत्र्याचा वर फुकट. आणि कुणीतरी काढायला हवा ना? काढणारा फोटोत येत नाही."

"लाज वाटत नाही तुला? स्वतःच्या पोरीला फोटोवाली केलंस? आणि नाव? नाव लिहायलाही पायजमा लागतो का रे?"

"ते केंड्राने... फोटोत जे आहेत त्यांची..."

लव्हॉनने फोन आपटला. कार्ड पावाच्या डब्यात, पावाखाली दडपून ठेवलं. पावणेचारला शाळेची बस थांबायची.

मार्नी आली ती बुटांवरचा बर्फही न झटकता. "आजी, कार्ड आलं का? केंड्राने कालच टाकलीत काही! मी काढलाय फोटो! सव्वीस काढले तेव्हा कुठे पिकल नीट बसला."

आता काय करणार? लव्हॉनने डबा उघडला. मार्नीने कार्डावरचा पावाचा चुरा फुंकून उडवला आणि ते खिडकीपाशी नेलं. आधी हसली. मग तिची नजर खाली, अक्षरांवर गेली. तिने ती दोनदा वाचली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "फोटोत नसलं तरी नाव असतं ना गं?"

लव्हॉनने डब्याचं झाकण आपटलं. "असतं. असायलाच पाहिजे," ती म्हणाली. "बूट काढू नकोस. निघायचंय आपल्याला."

गाडीत ती अख्खा रस्ताभर दातओठ खात होती. मार्नी दोनदा म्हणाली, "आजी, जाऊ दे ना," पण आजी जाऊ देणाऱ्यातली नव्हती.

डॅरेल नुकताच घरी आला होता. जेवणाच्या टेबलावर नव्वदेक कार्डं पडली होती, केंड्रा तिकिटं चिकटवत होती. लव्हॉनने कोटही न काढता ती सगळी कार्डं दोन्ही हातांनी गोळा करून कवेत घेतली.

"यांतलं एकही टपालात जाणार नाही."

"अहो लव्हॉन, छापून आलीत ती!" केंड्रा उठलीच. "मी काय मुद्दाम केलं का? या जुळ्यांमागे मला श्वास घ्यायला फुरसत नाही."

"कुत्र्याचं नाव घालायला होती ना फुरसत?"

केंड्रा लालबुंद झाली. तिने मार्नीकडे पाहिलं, मग डॅरेलकडे, पण तो नुसता मान खाली घालून उभा होता. "बरं, चुकलं माझं," केंड्रा म्हणाली. "ही नाही पाठवत. आत्ताच नवा फोटो काढू, मार्नीला घेऊन, आणि सगळ्यांना फोनवर पाठवू. झालं? चला, सोफ्यावर या सगळे. डॅरेल, बेकाला उचल. पिकल, बस!"

सगळे बसले. केंड्राने एका मांडीवर बूनला घेतलं, दुसऱ्या हाताने फोन उघडला आणि सवयीने पुढे केला. "मार्नी, काढ गं पटकन. तुझा हात हलत नाही."

आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर केंड्राने तोंडावर हात ठेवला.

मार्नीने फोन घेतला. बापाकडे गेली, त्याच्या मांडीवरून बेकाला उचलून घेतलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"बाबा, तू काढ."

"अगं, मग मी..."

"काढणारा फोटोत येत नाही," मार्नी म्हणाली आणि त्याच्या जागेवर जाऊन बसली.

डॅरेलने आईकडे पाहिलं. लव्हॉनने कार्डांचा गठ्ठा आणखी घट्ट धरला. मग त्याने निमूटपणे फोन वर केला. त्याचा हात इतका हलत होता की पहिले तीन फोटो वाया गेले.

चौथा जमला. नावं मी घालते म्हणून मार्नीने फोन परत घेतला. लव्हॉन तिच्या खांद्यावरून बघत होती. पोरीने सगळ्यांत आधी 'डॅरेल' लिहिलं, मग बाकीच्यांची नावं, शेवटी स्वतःचं आणि पिकलचं.

"बाबा फोटोत नाही," ती आजीला म्हणाली, "पण घरातलाच आहे ना तो."

डॅरेलने ते ऐकलं. तो खुर्चीवर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. लव्हॉनला त्याची जराही कीव आली नाही.