रविवारची गादी

"घरातली कापसाची गादी आधी काढा," डॉक्टर म्हणाले. "तिची धूळ पोरीच्या छातीत जाते."

मला असा राग आला! गादी माझ्या माहेरची. आमच्या शेतातला कापूस, बाबांनी पिंजाऱ्यासमोर बसून भरून घेतलेला. त्यात ना औषध, ना रंग. आणि धूळ? दर रविवारी गॅलरीत टाकून मी तिला काठीनं असं झोडपते की अख्ख्या विद्यानगरला ऐकू जावं. आमच्या घरात धूळ शोधणारा अजून जन्माला यायचाय.

पण गेल्या महिन्यात वैशालीला तीनदा दमा उठला. तिसऱ्या वेळी सहा वर्षांच्या पोरीचे ओठ निळे पडले. म्हणून राग गिळला, तिला घेतलं आणि आम्ही दोघं नवरा-बायको नवी गादी घ्यायला आबिड्सच्या बाजारात गेलो.

दुकानात जिकडे तिकडे फोम. टीव्हीवर त्याच्याच जाहिराती, शेजाऱ्यांकडेही तोच, म्हणून ह्यांना तोच हवा होता. मी वाकून वास घेतला. नव्या प्लास्टिकच्या बादलीत डोकं घातल्यासारखं झालं.

"ह्या वासात पोर झोपवायची?"

"अगं, जाईल चार दिवसांत."

"आणि त्या चार दिवसांत काही झालं तर?"

दुकानदारानं कोपऱ्यातली दुसरी गादी ओढली. "बहनजी, ये देखो. नारियल के काथे की. कैकू फिकर करते?"

गादी नारळाची, म्हणजे झाडाची. पण कापूसही झाडाचाच होता की! हीही धूळ सोडणारी निघाली तर? चूक मी करणार आणि घुसमटणार वैशाली. मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

"मजबूत है, देखो!" म्हणत दुकानदारानं गादीवर धपाधप हात मारले.

तोच वैशालीनं नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. मी घाबरून धावले. "काय होतंय? दम लागला?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. चेहरा लाल होईपर्यंत तशीच राहिली, मग घाईघाईनं म्हणाली, "तू रविवारी गादी झोडपतेस ना, तेव्हा मी असंच करते. पण तू खूप वेळ झोडपतेस, आई."

आणि पुन्हा नाक धरलं.

तिन्ही वेळा रविवारच होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच वार सांगितला होता, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. कापसाचा दोष किती, देव जाणे. काठी तर माझ्याच हातात होती.

मी त्या गादीकडे पाहिलं. एवढे धपाटे खाऊनही उन्हाच्या तिरिपेत धुळीचा कण उडाला नव्हता. मी लाजलज्जा सोडून भर दुकानात तिच्यावर आडवी झाले, नाक टेकवून खोल श्वास घेतला. शेंडी सोललेल्या नारळाचा वास आला, दुसरं काही नाही.

"हीच द्या," मी म्हटलं.

वैशाली अजून नाक धरून उभी होती. मी तिचा हात धरून खाली घेतला.

"सोड गं बाळा, श्वास सोड. आता कुणी झोडपणार नाही."