ताईचं काढ्याचं मडकं

दक्षिण चीनमधल्या आमच्या शान्तोउ शहरात काढ्याचं मडकं उसनं घेतलं की परत करत नाहीत. परत नेणं म्हणजे दुखणं मालकाच्या दारात नेऊन ठेवणं. ज्याचं मडकं, त्यानेच घरात कुणी आजारी पडलं की येऊन न्यायचं. म्हणूनच शुएच्वानताईचं मडकं अकरा वर्षं माझ्याकडे पडून होतं.

मडकं मुळात आईचं. सासरी जाताना ताईने माहेरचं तेवढंच मागून नेलं होतं. पुढे खेकडे खाऊन बळावणाऱ्या गाउटने माझ्या पायाचा अंगठा सुजला, तेव्हा तीच ते घेऊन आली. चुलीजवळ ठेवून म्हणाली, "धाकट्या, खा अजून खेकडे!"

त्याच वर्षी बाबा गेले. घर त्यांनी एकट्या माझ्या नावावर केलं होतं. शेवटची सहा वर्षं त्यांची उस्तवार केली ती मात्र ताईने. "अर्धं तुझं," एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. लोभ, दुसरं काय! "या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाय टाकणार नाही," म्हणून ती निघून गेली.

दर नव्या वर्षाला मी संत्र्यांची जोडी घेऊन तिच्याकडे जायचो. पाहुण्याची संत्री ठेवून घेऊन आपली दुसरी दोन द्यायची, ही आमची रीत. ताई माझीच दोन नवऱ्याच्या हाती परत पाठवायची.

मडकं मी रोज पुसायचो. "तुमचं लग्न त्याच्याशीच लावायला हवं होतं," बायको म्हणायची. पुसताना वाटायचं, ताई यावी. लगेच जीभ चावायचो. ती यायची म्हणजे तिच्या घरी आजारपण यायचं.

गेल्या वसंतात एका सकाळी ती दारात उभी राहिली. एका पायात बूट, दुसऱ्यात नवऱ्याची ढगळ सपात.

"मडकं."

तिचा अंगठा बिटासारखा लाल झाला होता. बाबांचा व्हायचा, माझा झाला होता, अगदी तसाच. घर एकाला देणाऱ्या बाबांनी दुखणं मात्र दोघांना सारखं वाटलं होतं. बहिणीचा पाय ठणकत होता आणि मला, आईशपथ, आनंद झाला. बाजारात काय मडक्यांचा दुष्काळ पडला होता? तरी ती इथे आली.

"ताई, तडा गेलाय त्याला. नेताना फुटेल," मी चक्क थाप मारली. "तू रोज ये, मी काढा करून देतो."

"मी आत येणार नाही."

"नको येऊस. बाहेर बस."

वैद्य फांगनी सात पुड्या दिल्या होत्या. चोपचिनीची मुळं आणि झाडांच्या साली भिजवून तासभर उकळायच्या; मी मुद्दाम दीड तास लावायचो. ताई बाहेर बांबूच्या स्टुलावर बसायची, काढा घ्यायची, निघून जायची. चोथा मी गल्लीत टाकायचो. येणारे-जाणारे तो तुडवतात आणि दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं.

तिसऱ्या दिवशी मी सुरुवात केली, "ताई, ते घराचं..."

"काढा गार होतोय," ती म्हणाली.

सातव्या दिवशी तिच्या दोन्ही पायांत बूट होते. म्हणजे उद्यापासून ती येणार नव्हती. तिने वाटी रिकामी केली.

"ताई, अर्धं घर तुझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

तिने वाटी उंबऱ्यावर ठेवली. "तेव्हा म्हणाला असतास, तर मी घेतलंही नसतं," ती म्हणाली आणि उठली. "मडकं राहू दे. तडा गेलाय ना त्याला."

ती चालू लागली, अजिबात न लंगडता. माझ्या हातात शेवटचा चोथा. मनात पाप आलं: नाही टाकला तर? दुखणं राहील थोडं. येईल ती पुन्हा.

मी तो गल्लीत ओतला. आणि दुसरं कुणी यायच्या आत, अनवाणी, माझ्या त्याच, पूर्वी सुजलेल्या अंगठ्याने आधी मीच तुडवला.

कोपऱ्यावर ताई वळून बघत होती.

"धाकट्या!" ती तिथूनच ओरडली. "गाढवा, चपला घाल आधी!"