कादरची बार्शीला गेलेली पत्रं

बेगमचं लग्न होऊन ती बार्शीला गेली तेव्हा कादर अठरा वर्षांचा होता. आई लहानपणीच वारलेली. या थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवलं होतं. पुणे स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी वडिलांनी दोघांना बजावलं, की महिन्याच्या पहिल्या रविवारी एकमेकांना पत्र टाकायचं, सांगण्यासारखं काही असो वा नसो. ही एकावन्न सालातली गोष्ट. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. कादरनं पत्र मात्र चुकवलं नाही.

घरी दखनी बोलत, पण दोघंही मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे पत्रं मराठीतच. कादर बुधवार पेठेत यज्ञेश्वरपंतांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होता. माणूस अबोल, आणि पत्रंही तशीच. कसबा पेठेत नदीच्या अंगाला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे महिनाभरात जे घडलं असेल ते तो ओळीनं लिहून टाकी. छपराचा पत्रा बदलला. शेजारच्या तुळजाबाईंची शेळी व्याली. शाळेची पुस्तकं बांधायला आल्यामुळे सुट्टी नाही.

त्रेपन्न साली हमीदाशी त्याचं लग्न झालं. ती त्याच्या खांद्यावरून पत्र वाची आणि म्हणे, यातून तुमच्या आपांना काय कळणार, तुम्ही मजेत आहात की आजारी? मग त्याच्या हातातून टाक घेऊन ती कडेच्या जागेत स्वतःच्या दोन ओळी लिही. एकदा तिनं लिहिलं, ‘हे सांगणार नाहीत, पण पत्रा बसवताना खाली पडले. यांना काही झालं नाही. पत्र्याला पोचा आला.’ बार्शीत बेगम ते वाचून एकटीच हसली, आणि सासूनं कारण विचारलं तेव्हा तिला सांगता येईना.

चौपन्न साली कमरजहां झाली. ती चार वर्षांची असताना हमीदाला ताप भरला आणि अकरा दिवसांत ती गेली. त्या वेळी कादरनं बहिणीला तीन ओळी लिहिल्या. ‘हमीदा सोमवारी दुपारी गेली. कमर तुळजाबाईंकडे आहे. तुझे दिवस भरत आलेत, तू निघू नकोस.’

बेगम निघू शकली नाही. बाळंतपणानंतर चार महिन्यांनी दोन दिवस येऊन गेली, पण घरात माणसांची ये-जा होती. काय झालं, कसं झालं, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पत्रं मात्र पुन्हा सुरू झाली. आता कडेची जागा कोरी असे.

एकसष्टच्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं. कादर कारखान्यात होता. तुळजाबाईंनी कमरला कडेवर घेतलं आणि वरच्या आळीकडे पळत सुटल्या. मुलगी सात वर्षांची, उचलायच्या वयाची राहिली नव्हती, तरी त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. संध्याकाळी एका शाळेत कादरला दोघी सापडल्या. पाणी ओसरल्यावर तो घराकडे गेला तेव्हा तिथे जोतं आणि चिखल एवढंच होतं. हमीदाचा एकच फोटो होता, लग्नानंतर काढलेला. तोही गेला.

यज्ञेश्वरपंतांनी कारखान्याचा माळा त्याला राहायला दिला. म्हणाले, “भाडं काही नको. फक्त उंदरांशी जमवून घ्या, ते तुमच्यापेक्षा जुने भाडेकरू आहेत.”

आम्ही दोघं सुखरूप आहोत, एवढं एक कार्ड कादरनं बार्शीला धाडलं. पुढे ऑगस्टमध्ये त्यानं पत्र लिहिलं नाही, सप्टेंबरमध्येही नाही. लिहायचं ते घराबद्दल, आणि घर तर उरलं नव्हतं. त्यातच एके दिवशी जेवताना कमरनं विचारलं, अम्मी कशी होती. चांगली होती, असं तो म्हणाला. मग कमर म्हणाली, की पूर्वी ती रोज फोटोकडे बघायची, आता डोळे मिटले तरी अम्मी दिसत नाही. कादरला सगळं आठवत होतं. त्यानं तिच्या ताटात आणखी भात वाढला.

सप्टेंबरच्या मध्यावर बेगम कुर्डुवाडीला गाडी बदलून पुण्यात आली. मुलाला सासूकडे ठेवून एकटीच आली होती. सोबत एक पत्र्याची पेटी होती, आणि तिच्यात कादरनं दहा वर्षांत लिहिलेली झाडून सगळी पत्रं, वर्षावर्षाचे गठ्ठे करून चिंध्यांनी बांधलेली.

चार दिवस ती माळ्यावर बसून कमरला पत्रं वाचून दाखवत होती. बांगडीवाला पैसे जास्त घेऊन गेला म्हणून हमीदा त्याच्या मागोमाग बोहरी आळीपर्यंत कशी गेली, हे कमरला कळलं. एका पत्रात कादरनं लिहिलं होतं, ‘हमीदाला शीळ घालता येते. लग्नाला सात महिने झाले, मला आज कळलं.’ हे ऐकल्यापासून कमर दिवसभर ओठांचा चंबू करून फुंकत होती. खाली काम करणारा कादर वर येऊन जिन्यात उभा राही, पण आत येत नसे.

पाचव्या दिवशी त्यानं बहिणीला म्हटलं, की ही पेटी कमरसाठी इथेच ठेव.

“नाही,” बेगम म्हणाली. “ही पत्रं तू मला लिहिलीस. अब्बा गेले, घर गेलं. मला माहेर म्हणून आता एवढंच आहे.”

कादरला ते लागलं, पण पटलंही. थोड्या वेळानं तिनंच पेटीतून एक पत्र वेगळं काढलं. कादरचा अंगठा कागद कापण्याच्या यंत्रात सापडला होता त्या महिन्याचं. ते पूर्ण हमीदाच्या हातचं होतं, मोठ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरातलं. ते तिनं कमरला दिलं. बाकीची पत्रं उतरवून घ्यायची असं ठरलं. कारखान्यात कोऱ्या कागदांचे कापून उरलेले तुकडे भरपूर पडलेले असत. पंतांना विचारलं तर ते म्हणाले, रद्दीवाल्यानं आजवर आभार मानले नाहीत, निदान तुम्ही तरी मानाल.

संध्याकाळी कारखाना सुटला की बेगम वाची आणि कादर लिही. असं करत ते अठ्ठावन्न सालात आले. बेगमनं घडी उघडली आणि थांबली.

“इथे तीनच ओळी आहेत,” ती म्हणाली. “अकरा दिवस काय झालं, कादर? मी तुला कधी विचारलं नाही.”

त्यानं टाक खाली ठेवला. म्हणाला, “बोलून नाही जमणार, आपा.”

“मग लिही. तुला लिहून जमतं.”

रविवारी बेगम गवार मोडत बसली होती. कादर खिडकीपाशी कागद घेऊन बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. चार पानं झाली. ती त्यानं पाकिटात घातली, त्याच खोलीत बसलेल्या बहिणीचा बार्शीचा पत्ता वर घातला आणि चौकातल्या टपालपेटीत टाकून आला. बेगमनं ते पाहिलं. मंगळवारी ती परत गेली, तेव्हा पत्र तिच्या आधी पोचलं होतं.

त्यानं लिहिलं होतं, की नवव्या दिवशी हमीदानं त्याला केस विंचरायला सांगितले आणि त्यानं भांग वाकडा पाडला म्हणून ती हसली. कमरच्या झग्याची खालची दुमड उसवून तो लांब करायचा राहिलाय, हे तिनं दोनदा सांगितलं. अकराव्या दिवशी तिनं बर्फ मागितला. तो मंडईत गेला, आणि परत आला तेव्हा ती गेलेली होती. फडक्यातला बर्फ वितळून संपेपर्यंत तो दारातच उभा होता. ‘मी तिच्याजवळ होतो असंच सगळ्यांना वाटतं,’ त्यानं लिहिलं होतं. ‘मी नव्हतो. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.’

आठवड्यानं बेगमचं उत्तर आलं. ‘पत्र मिळालं. तीनदा वाचलं. बर्फ तिनं मागितला होता, आणि तू तो आणायला गेला होतास. जवळ बसून राहिला असतास तर तिचं मागणं तू टाळलं असतंस. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. कमरलाही हे सांग, पुढे कधी तुझं पत्र वाचून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. पहिल्या रविवारच्या पत्राची वाट बघते.’

कादरनं ते उभ्यानंच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. शाळेतून आलेली कमर दप्तर टाकून विचारत होती, फुफीनं काय लिहिलंय.

कादरनं तिला शेजारी बसवून घेतलं. खालून पंतांनी त्याला हाक मारली. पंत, येतो थोड्या वेळानं, असं त्यानं वरूनच सांगितलं, आणि मुलीकडे वळून म्हणाला, “तुझ्या अम्मीनं एकदा मला तिचे केस विंचरायला सांगितले.”